डॉक्टरांनी लिहून दिलेला व्यायाम : आपल्या ज्येष्ठांचे अनुभव

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ उपासक-उपासिका मेळाव्यातील भाषण. वक्त्या महानगरपालिकेच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होत्या व आता सेवानिवृत्त आहेत.)



समितीच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितलं, "ताई, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीवर काहीतरी बोला." आता तब्येत हा विषय एवढा मोठा आहे की बोलता बोलता जेवणाची वेळ टळून जाईल. म्हणून मी एकच गोष्ट निवडली आहे. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि त्याच कागदावर खाली व्यायामही लिहून देतात. गोळ्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. सकाळची, दुपारची, रात्रीची, डबीत वेगवेगळ्या ठेवून आपण घेतो. पण त्या व्यायामाचं पुढे काय होतं? त्यावर आज बोलायचं आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ फिजिओथेरपी विभागात काम केलं. माझ्यासमोर येणारी बहुतेक माणसं साठीच्या पुढची. कुणाचे गुडघे झिजलेले, कुणाला शुगर, कुणाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, कुणी पडून खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांच्या हातात केसपेपर असे आणि त्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं असे, "व्यायाम". बस्स, एवढंच. किती? कसा? किती दिवस? दुखलं तर काय करायचं? यातलं काही नाही. डॉक्टरांनाही दोष देता येत नाही. बाहेर शंभर माणसांची रांग असते. पण जरा विचार करा, औषधाच्या चिठ्ठीवर नुसतं "गोळी" असं लिहिलं असतं तर आपण ती घेतली असती का?

पहिल्यांदा हे पाहू की डॉक्टर व्यायाम का सांगतात. काहींना वाटतं, औषध संपलं, इलाज राहिला नाही, म्हणून डॉक्टर टाळण्यासाठी "चालत जा" म्हणतात. तसं नाही. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी तिथल्या डबल-डेकर बसमधल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या बेस्टच्या जुन्या लाल डबल-डेकर २०२३ पर्यंत धावत होत्या, तशाच त्या बस. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा. दोघांचा पगार, राहणी, वस्ती साधारण सारखी. तरी हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आणि कंडक्टरांमध्ये कमी आढळला. तिथून पुढे जगभर हा शोध वाढत गेला.

दुसरी गोष्ट तर आपल्या कामाची आहे. १९९० साली अमेरिकेत बोस्टन शहरात, सरासरी नव्वद वर्षं वयाच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. लक्षात घ्या, नव्वद! अंगावर आजार असलेली, संस्थेत राहणारी माणसं. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे "आता या वयात काय होणार?" हे जे आपण म्हणतो, त्याला शास्त्राचा आधार नाही. स्नायू वय विचारत नाही. त्याला काम दिलं की तो वाढतो, काम काढून घेतलं की आटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन दिलं आहे, त्यात पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम चाल, आणि शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. रोज अर्धा तास आणि आठवड्यातून दोन दिवस सुट्टी घेतली तरी १५० मिनिटं भरतात. ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी जमेल तेवढं करावं, असंही त्यात म्हटलं आहे. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं.

आता अनुभवांकडे येते. व्यायाम लिहून दिल्यावर माणसं माझ्याशी काय बोलत, ते मी तुम्हाला सांगते. नावं कुणाचीच घेणार नाही, पण तुम्हाला त्यात आपल्याच चाळीतली माणसं दिसतील.

एक आजी होत्या. नाक्यावर उभं राहून बांधकामाची कामं केलेल्या. गुडघ्यांच्या व्यायामासाठी त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, जन्मभर डोक्यावर पाट्या वाहिल्या, चार चार मजले चढले. आता तुम्ही मला व्यायाम शिकवणार होय?" मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्या समाजातल्या पिढ्यान् पिढ्या अंगमेहनतीत गेल्या. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करण्यात. ज्या शरीराने विश्रांतीच पाहिली नाही, त्याला "व्यायाम करा" म्हणणं ही थट्टा वाटते. आणि म्हातारपण म्हणजे एकदाची बसायची मुभा, असं त्या शरीराला वाटलं तर त्यात चूक काय?

पण मित्रहो, कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात शरीराचे ठराविक सांधे रोज झिजतात. ओझं किती उचलायचं, कधी थांबायचं, हे मुकादम ठरवतो. दुखलं तरी थांबता येत नाही. व्यायामात आपण ठरवतो. दुखण्याआधी थांबतो, हळूहळू वाढवतो, ज्या स्नायूंना कामात कधी वळण मिळालं नाही त्यांनाही वळण देतो. आणि आणखी एक. कष्टांची ताकद साठवून ठेवता येत नाही. चाळीस वर्षं काम केलं म्हणून पुढची वीस वर्षं पाय आपोआप चालतील असं होत नाही. काम सुटलं की काही महिन्यांतच मांड्या सैल पडू लागतात. त्या आजींना मी एवढंच म्हटलं, "आजी, आजवर दुसऱ्याचं ओझं उचललंत. आता स्वतःचं शरीर खुर्चीतून उचलायचं आहे." त्या हसल्या, पण उठल्या.

दुसरा अनुभव भीतीचा. "चालल्यावर गुडघा दुखतो, मग आणखी झिजेल ना?" हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारत असे. गुडघ्याची गादी झिजली आहे हे एक्स-रेमध्ये दिसतं, म्हणून माणूस गुडघा वापरायचाच बंद करतो. मग मांडीचे स्नायू आटतात. गुडघ्याला बाहेरून सांभाळणारे तेच असतात. ते गेले की सगळा भार हाडांवर येतो आणि दुखणं वाढतं. दुखतं म्हणून बसायचं आणि बसलं म्हणून आणखी दुखायचं. या चक्रात माणसं वर्षानुवर्षं अडकतात. आपल्याच विहारात पाहा. पूर्वी बुद्धवंदनेला सगळे खाली मांडी घालून बसायचे. आता मागे खुर्च्यांची एक रांग असते, आणि ती दरवर्षी पुढे पुढे सरकते आहे.

तिसरा अनुभव लाजेचा. एका काकूंना डॉक्टरांनी सकाळी मैदानात चालायला सांगितलं. साडी आणि खाली बूट! पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरची पोरं हसली. काकू परत गेल्या नाहीत. एका काकांना मुलाने जिमचे पैसे भरून दिले. तिथे मोठ्याने गाणी, चहूकडे आरसे, आणि पंचविशीतली मुलं. काका दोन दिवस गेले आणि म्हणाले, "तिथं मी कुणाचा तरी बाप शोधायला आलोय असं वाटतं." ही लाज लहान समजू नका. औषध कडू असलं तर माणूस नाक दाबून पितो, पण चारचौघांत हसू झालेलं सहन होत नाही.

चौथा अनुभव जागेचा आणि खर्चाचा. हॉस्पिटलात फिजिओथेरपीला आठवड्यातून तीन वेळा बोलावतात. एक वेळ जाण्यात सकाळ जाते. रिक्षाचे पैसे, रांग, आणि बरोबर कोण येणार? सून कामावर, मुलगा कामावर, नातवंडं शाळेत. आणि घरात? पूर्वी चाळ होती. नळ, संडास गॅलरीच्या टोकाला, शेजारी बसायला जायचं तर दहा पावलं चालणं आपोआप व्हायचं. आता पुनर्विकासाच्या इमारतीत स्वतंत्र खोली मिळाली, घरात संडास आला, लिफ्ट आली. हे चांगलंच झालं, त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. पण त्याबरोबर म्हाताऱ्या माणसाचं दिवसाचं चालणं पलंग ते मोरी एवढंच उरलं, आणि दार बंद झाल्यामुळे बोलणंही.

यातलाच एक प्रसंग सांगते, तो मला विसरता येत नाही. सत्तरीच्या एक आजी तोल जातो म्हणून माझ्याकडे येत होत्या. तीन आठवडे त्या नेमाने आल्या. सुधारणा दिसत होती, हात न टेकता खुर्चीतून उठू लागल्या होत्या. त्यांना घेऊन येणाऱ्या नातीची परीक्षा सुरू झाली आणि आजींचं येणं थांबलं. "परीक्षा झाली की परत सुरू करू," असं ठरलं होतं. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या त्या स्ट्रेचरवर. पहाटे मोरीत पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या पुन्हा आपल्या पायांनी घराबाहेर पडल्या नाहीत. त्या नातीची काही चूक नव्हती. चूक ही होती की एका म्हाताऱ्या बाईचा अख्खा इलाज एका शाळकरी मुलीच्या वेळेवर उभा होता. दुसरं कुणी नव्हतं.

हा प्रश्न फक्त आपल्या वस्तीचा आहे असं समजू नका. इंग्लंडसारख्या देशातही तो आहे, आणि त्यांनी त्यावर एक उपाय करून पाहिला. १९९० साली दक्षिण इंग्लंडमधल्या हेलशॅम या छोट्या गावात एक योजना सुरू झाली. डॉक्टर पेशंटला चिठ्ठी देतात आणि ती चिठ्ठी घेऊन पेशंट औषधाच्या दुकानात न जाता गावातल्या व्यायाम केंद्रात जातो. तिथला प्रशिक्षक त्याची तपासणी करतो, आजार विचारतो आणि साधारण दहा-बारा आठवडे आठवड्यातून एकदोनदा, कमी फीमध्ये, स्वतः उभं राहून व्यायाम करून घेतो. पुढे अशा शेकडो योजना त्या देशात सुरू झाल्या. २००७ साली वेल्सने तर संपूर्ण प्रांतासाठी सोळा आठवड्यांची योजना केली.

तिथल्या वयस्कर माणसांच्या मुलाखती संशोधकांनी घेतल्या आहेत. हार्डकॅसल आणि टेलर या दोघांनी २००१ साली अशा योजनेतल्या म्हाताऱ्या स्त्रियांवर लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की या बायका वजन कमी करण्यापेक्षा किंवा ताकद वाढवण्यापेक्षा काहीतरी अधिक शोधत होत्या. घराबाहेर पडायला एक निमित्त, आपल्या वयाची सोबत, आणि "मला जमतं" हा विश्वास. सुरुवातीला केंद्राच्या दारात पाऊल टाकायची भीती तिथेही आहे. तरुणांच्या गर्दीत अवघडल्यासारखं वाटणं तिथेही आहे. नावाने हाक मारणारा, आज का आला नाहीत म्हणून विचारणारा माणूस भेटला की ती भीती जाते, हेही तिथे तसंच आहे. साता समुद्रापलीकडच्या गोऱ्या आजीबाई आणि आपल्या नाक्यावरच्या आजी, दोघींचं म्हणणं एकच निघालं!

पण चांगलं तेवढंच सांगून मी तुम्हाला भुलवणार नाही. या योजनांचा हिशेब २००७ साली मांडला गेला तेव्हा असं दिसलं की बसून राहणाऱ्या सतरा माणसांना चिठ्ठी दिली तर त्यातला एक माणूस नेमाने हालचाल करणारा होतो. सतरात एक! न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर "ग्रीन प्रिस्क्रिप्शन" म्हणजे हिरवी चिठ्ठी देतात. तिथे चिठ्ठीनंतर काही महिने एक कार्यकर्ता घरी फोन करून विचारपूस करतो. २००३ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. दहा चिठ्ठ्यांमागे एक माणूस वर्षभरानंतरही आठवड्याला अडीच तास व्यायाम करत होता. आकडा लहान वाटतो. पण गोळ्यांच्या बाबतीतही असे हिशेब असतात आणि तिथेही प्रत्येकाला गुण येतोच असं नसतं. यातून मी काय शिकले ते सांगते. नुसत्या चिठ्ठीने काम होत नाही, मागे माणूस लागतो. आणि दुसरी अडचण म्हणजे बारा आठवडे संपले, फी वाढली, प्रशिक्षक गेला, की बरीच माणसं पुन्हा घरी बसतात. योजना संपते, म्हातारपण संपत नाही.

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१० साली वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी, वेगळ्या खाटा आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. आपल्या माणसांनी ती सोय मागून घेतली पाहिजे. केसपेपरवर नुसतं "व्यायाम" लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, कोणता, किती, आणि मला फिजिओथेरपीला पाठवता का?" विचारणं हा आपला हक्क आहे.

आता घरी काय करता येईल? न्यूझीलंडमधल्याच ओटागो विद्यापीठाने ऐंशी वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी घरच्या घरी करायचे व्यायाम तयार केले. १९९७ साली त्याचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाऊन शिकवत असे आणि बाकी त्या बायका आपापल्या करत. पुढे सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्याला ना मोठी यंत्रं लागतात ना जिम. त्यातले चार साधे प्रकार सांगते.

पहिला, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. प्लॅस्टिकची असेल तर नीट पाहून घ्या, पाय फाकलेला नको. सुरुवातीला हात टेकून पाच वेळा, मग दहा वेळा, मग हात न टेकता. दुसरा, ओट्याला किंवा खिडकीच्या कठड्याला धरून टाचा उचलणं, दहा वेळा. तिसरा, तसंच धरून चवडे उचलणं आणि टाचांवर उभं राहणं. चौथा, तोलाचा. भिंतीजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावायची आणि दहा आकडे मोजायचे. हे जमलं की तशीच दहा पावलं चालायची. सुरुवातीला कुणीतरी जवळ उभं असलंच पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस हे, आणि बाकी जमेल तेव्हा चालणं.

काही सूचना कान देऊन ऐका. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलं, तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही राहिलं किंवा सांधा सुजला, तर निम्मं करा आणि दाखवून घ्या. छातीत दुखलं, दडपण आलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबा. दुखणं किंवा दडपण बसल्यावरही थांबलं नाही तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला जाऊ नये आणि खिशात साखर किंवा बिस्किट ठेवावं. घसरणाऱ्या स्लिपर नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. हसणाऱ्यांना हसू द्या. हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हाड मोडलेलं असेल तर मी सांगितलं म्हणून सुरू करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

बंधू-भगिनींनो, चालणं ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. ज्यांनी बोधगया पाहिली आहे त्यांना महाबोधी विहाराच्या उत्तरेचा तो लांबट ओटा आठवत असेल, कोरलेल्या कमळांचा, भगवंतांच्या चंक्रमणाची जागा म्हणून दाखवतात तो. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना मिळालेली एकाग्रता टिकून राहते. पाचांपैकी चार तर सरळ शरीराचेच आहेत. फिजिओथेरपीच्या पुस्तकात मी याहून फार वेगळं शिकले नाही.

शेवटी मी समितीपुढे एक विनंती ठेवते आणि त्यासाठीच मी इथे उभी आहे. आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतो. संध्याकाळी या सभागृहात ग्रंथवाचन होतं. म्हातारी माणसं त्याला नेमाने येतात, पाऊस असला तरी छत्री घेऊन येतात. का येतात? वाचन ऐकायला येतात आणि एकमेकांना भेटायलाही येतात. वर्षावास तीन महिन्यांचा. इंग्लंडातली योजना बारा आठवड्यांची. काळ जवळपास एकच! पावसात रस्त्यावर चालता येत नाही, चिखल असतो, घसरायची भीती असते. मग वर्षावासात आठवड्यातून तीन सकाळी हे सभागृह ज्येष्ठांना उघडून द्या. खुर्च्या आपल्याकडे आहेत, भिंत आहे, पंखे आहेत, फी नाही, आरसे नाहीत. इथे साडीला कुणी हसणार नाही. शिकवायला मी येईन, आणि माझ्या ओळखीचे तरुण फिजिओथेरपिस्टही येतील.

पण मला आणखी दोन गोष्टी हव्यात. एक वही, जिच्यात कोण आलं, कोण आलं नाही हे लिहिलं जाईल. आणि आपल्या वस्तीतली चार तरुण मुलं-मुली, जी न आलेल्या आजी-आजोबांच्या दारावर त्याच दिवशी जाऊन विचारतील, "आज का आला नाहीत?" व्यायाम मी शिकवीन, पण हा प्रश्न विचारणारं कुणीतरी पाहिजे. त्या नातीची परीक्षा असेल तेव्हा दुसऱ्या घरातलं पोर आजींचा हात धरून त्यांना इथे आणेल. आणि आश्विन पौर्णिमा झाली की वर्ग बंद करायचा नाही, नाहीतर आपलीही गत त्या बारा आठवड्यांच्या योजनेसारखी होईल.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द. "आई, जरा चालत जा" असं सोफ्यावर बसून सांगू नका. आठवड्यातून एक दिवस आईबरोबर चाला. ती हळू चालेल, तुम्हाला कंटाळा येईल. येऊ द्या. तुम्ही चालायला शिकत होता तेव्हा तीही हळूच चालत होती. आणि ज्येष्ठांना सांगते, "मुलांना त्रास नको" म्हणून घरात बसून राहू नका. तुम्ही पडलात तर जो त्रास होईल तो कितीतरी मोठा असेल. स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाणं, स्वतःच्या पायांनी विहारात येणं, कुणाचा हात न धरता वंदनेनंतर उभं राहणं, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

उद्या सकाळी सात वाजता मी याच सभागृहात असेन. ज्यांच्या केसपेपरवर "व्यायाम" लिहिलं आहे त्यांनी तो कागद घेऊन या. किती आणि कसा, ते आपण त्यावर एकत्र बसून लिहू.



जयभीम! नमो बुद्धाय!